लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवताय? आधी हवेची सोय करा

लाकडाचा स्टोव्ह घ्यायचं ठरलं की बहुतेकांचं सगळं लक्ष दोनच गोष्टींकडे जातं: स्टोव्ह कोणता घ्यायचा आणि धुराडं कुठून न्यायचं. धूर बाहेर कसा जाईल यावर भरपूर चर्चा होते. जळण्यासाठी लागणारी हवा आत कुठून येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडे धुराडं बसवायला आलेल्या कारागिराने पाइप, कोपर, टोपी सगळं नीट समजावलं, पण झरोक्याचं नावही काढलं नाही. ती माहिती मला नंतर तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागली. ती इथे क्रमाने देतो आहे, कारण या एका गोष्टीवर घरातल्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

आधी हिशोब बघा. एक किलो वाळलेलं लाकूड जळायला साधारण ४ घनमीटर हवा लागते, आणि स्टोव्हमध्ये प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास हवा जाते. ८ किलोवॅटचा स्टोव्ह पूर्ण जोरात असला की तासाला अडीच किलोच्या आसपास लाकूड जाळतो. म्हणजे दर तासाला २० घनमीटरच्या आसपास हवा खोलीतून स्टोव्हमध्ये जाते आणि धुराड्यातून बाहेर पडते. जेवढी गेली तेवढी आत यायलाच हवी. तिला वाट मिळाली नाही तर खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, धुराड्याची ओढ (धूर वर खेचायची ताकद) मंदावते, आणि पुरेसा फरक पडला की धूर उलटा फिरून खोलीत येतो.

धुरातला खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी अशी लक्षणं दिसतात आणि माणूस ती सर्दी-तापावर ढकलतो. घरातल्या सगळ्यांना एकदमच तसं वाटत असेल आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटत असेल, तर शंका पहिल्यांदा स्टोव्हवर घ्या. आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. ज्वाळा विझून नुसते निखारे उरतात तेव्हा धूर दिसत नाही, पण हा वायू मात्र भरपूर निघत असतो. त्याच वेळी धुराडं थंड होऊन त्याची ओढ कमी झालेली असते, आणि घरातली माणसं झोपायला गेलेली असतात.

आधी जमवायच्या गोष्टी

- स्टोव्हची मूळ पुस्तिका. त्यातली बसवणी, हवा आणि धुराडं ही पानं दुकानातच वाचून घ्या.
- स्टोव्हच्या पाटीवरची क्षमता किलोवॅटमध्ये, आणि त्याला लागणारी किमान ओढ पास्कलमध्ये (पास्कल हे दाब मोजायचं एकक). बऱ्याच स्टोव्हना ती १२ पास्कलच्या आसपास लागते.
- बाहेरची हवा थेट जोडण्यासाठी स्टोव्हला तोंड आहे का, असल्यास कुठे आणि किती व्यासाचं, याची माहिती.
- घराचा साधा नकाशा. त्यावर हवा बाहेर फेकणारी प्रत्येक वस्तू मांडा: ओट्यावरची इलेक्ट्रिक चिमणी, न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन, हवा बाहेर सोडणारं कपडे वाळवायचं यंत्र, गॅसचा बॉयलर.
- तुमच्या भागातल्या इमारत विभागाची परवानगी. अनेक देशांत अधिकृत कारागिराच्या सहीचं प्रमाणपत्रही लागतं.
- घराचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवल्याची प्रत.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. स्टोव्ह बसायच्या आधी घरात यायला हवा.
- हत्यारं: मोजपट्टी, लाकडातला ओलावा मोजायचा मीटर, धुराच्या गोळ्या किंवा उदबत्ती, धुराड्यावर लावायचं थर्मामीटर. भिंतीला भोक पाडायचं कोअर ड्रिल भाड्याने मिळतं, पण हे काम सवयीच्या माणसाकडून करून घेतलेलं बरं.

१. घर किती घट्ट आहे ते ओळखा

जुन्या घरांत दारं, खिडक्या, छत, जमीन यांच्या फटींतून हवा येत राहते. नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या घरांत रबरी पट्ट्यांच्या खिडक्या, इन्सुलेशन आणि सीलंट यांमुळे ती वाट बंद झालेली असते. नेमकं मोजायचं असेल तर ब्लोअर डोअर नावाची चाचणी करतात. दारात मोठा पंखा बसवून आतल्या-बाहेरच्या हवेत ५० पास्कलचा फरक निर्माण करतात आणि घराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे तासाला किती घनमीटर हवा गळते ते बघतात. हा आकडा ५ किंवा त्याहून कमी आला तर घर घट्ट समजायचं.

चाचणी केलेली नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: घर घट्ट आहे असंच धरून चाला. झरोका थोडा मोठा झाला तर जास्तीत जास्त थोडी थंडी वाजेल. तो लहान पडला तर परिणाम फार वेगळे आहेत.

स्टोव्ह बसवून झाल्यावर पुढेमागे खिडक्या बदलल्या, छताला इन्सुलेशन घातलं किंवा फटी बुजवल्या, तर हा सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो. वर्षानुवर्षं नीट चाललेला स्टोव्ह अचानक धूर सोडायला लागला, तर कारण अनेकदा नव्या खिडक्यांतच सापडतं.

२. हवा कोणत्या वाटेने आणायची ते ठरवा

वाटा दोन आहेत.

पहिली, खोलीच्या बाहेरच्या भिंतीत कायमचा उघडा झरोका. हवा खोलीत येते आणि स्टोव्ह ती खोलीतून घेतो. काम सोपं, खर्च कमी, आणि स्टोव्हचं दार लाकूड घालायला उघडलं तरी सोय तीच राहते. तोटा एवढाच की थंड हवा खोलीत येते.

दुसरी, बाहेरून पाइप आणून थेट स्टोव्हच्या तोंडाला जोडायचा. घट्ट घरात हा मार्ग चांगला, कारण खोलीतली गरम हवा खर्च होत नाही आणि थंड झोतही लागत नाही. पण तीन अटी नीट समजून घ्या. पाइप न जळणाऱ्या धातूचा हवा. त्याचं बाहेरचं तोंड स्टोव्हच्या जळणकक्षापेक्षा वर असता कामा नये; तसं झालं आणि वारा उलटा लागला, तर गरम वायू त्याच पाइपातून वर चढू शकतात. आणि स्टोव्हचं दार उघडल्यावर तो पुन्हा खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे खोलीत जोरकस एक्झॉस्ट चालू असेल तर नुसता पाइप तुम्हाला वाचवत नाही. शिवाय ज्या स्टोव्हला उत्पादकाने असं तोंड दिलेलंच नाही, त्याला घरच्या घरी भोक पाडून पाइप जोडू नका.

काही जण तिसरी वाट सुचवतील: ‘स्टोव्ह पेटवला की खिडकी थोडी उघडी ठेवायची.’ हे ऐकू नका. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी ठेवणं कुणालाही जमत नाही, आणि ज्या रात्री ती बंद होते त्याच रात्री स्टोव्ह सर्वांत जास्त चालतो. त्यातून खिडकी वाऱ्याच्या उलट्या बाजूला असेल तर तिच्यातून हवा आत येण्याऐवजी बाहेर खेचली जाते. वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी तर आणखी वाईट. गरम हवा तिच्यातून वर निघून जाते, संपूर्ण घरच धुराड्यासारखं वागायला लागतं आणि खालच्या मजल्यावरचा दाब घटतो.

३. झरोक्याचा आकार काढा

तुमच्या देशाचे नियम आणि स्टोव्हची पुस्तिका यांत आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. दोन्हींत फरक असेल तर मोठा आकडा घ्यायचा. अंदाज यावा म्हणून ब्रिटनच्या इमारत नियमांतली पद्धत सांगतो. ती सोपी आहे आणि बराच काळ वापरात आहे.

घट्ट घरात: स्टोव्हच्या क्षमतेच्या प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटर मोकळी जागा.

हवा गळणाऱ्या जुन्या घरात: पहिले ५ किलोवॅट सोडून, त्यावरच्या प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटर.

म्हणजे ८ किलोवॅटच्या स्टोव्हला घट्ट घरात ८ × ५५० = ४४०० चौरस मिमी, आणि गळक्या घरात ३ × ५५० = १६५० चौरस मिमी. धुराड्यावर ओढ स्थिर ठेवणारी आपोआप उघडणारी झडप असेल तर ती झडपही खोलीतलीच हवा घेते, म्हणून आकडा वाढतो. समोरून उघडी असलेली जुनी फायरप्लेस असेल तर हा हिशोब चालत नाही. तिला कितीतरी मोठा झरोका लागतो.

आता नवख्यांची सर्वांत जास्त फसगत जिथे होते ती जागा. वरचा आकडा भिंतीतल्या भोकाचा नाही, हवेला खरोखर मोकळ्या मिळणाऱ्या जागेचा आहे. १०० मिमी व्यासाच्या गोल भोकाचं क्षेत्रफळ ७८५० चौरस मिमीच्या आसपास येतं, त्यामुळे ते ऐसपैस वाटतं. पण त्यावर आतून एक जाळी, बाहेरून पावसाची पट्टी, मध्ये वारा अडवायचे पडदे बसले की मोकळी जागा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येऊ शकते. म्हणून झरोका विकत घेताना त्याच्या मोकळ्या किंवा समतुल्य क्षेत्रफळाचा छापील आकडा बघा. तो छापलेला नसेल तर तो झरोका या कामासाठी घेऊ नका. लांब पाइप आणि वळणं यांमुळेही हवा अडते. पाइप लांब असेल तर व्यास वाढवा.

एकाच खोलीत खोलीची हवा वापरणारं दुसरं उपकरण असेल, उदाहरणार्थ जुन्या पद्धतीचा गॅस बॉयलर, तर दोघांची गरज वेगवेगळी काढून बेरीज करायची. एकाचा झरोका दुसऱ्याला पुरेल असं धरायचं नाही.

४. झरोक्याची जागा आणि बनावट

झरोका शक्यतो स्टोव्हच्या जवळ ठेवा. लांबच्या भिंतीत ठेवला तर थंड झोत बसायच्या जागेवरून जातो, आणि मग आठवड्याभरात कुणीतरी त्यात कापड कोंबतं. अनेक घरांत झरोके बंद होतात ते याच कारणाने, म्हणून जागा निवडताना थंडीचा विचार करणं हे सुरक्षिततेचंच काम आहे. वारा मोडणारी आतली नागमोडी वाट असलेले झरोके मिळतात. आकडा पुरत असेल तर ते जरूर घ्या.

उघडझाप करता येणारा झरोका चालत नाही. सरकती पट्टी, झाकण, दोरी, काहीही नको. भोकं अगदी बारीक असलेली डासांची जाळीही नको, कारण धूळ आणि जाळ्यांनी ती काही महिन्यांत बुजते. जाळीची भोकं ५ मिमीपेक्षा लहान नसावीत. भिंतीतलं भोक पूर्ण जाडीभर पाइपाने अस्तरलेलं हवं, नाहीतर पोकळ भिंतीत हवा आतल्या आत हरवते. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या म्हणजे पाणी आत येणार नाही.

हवा गॅरेजमधून, इंधन ठेवलेल्या खोलीतून किंवा दुसऱ्या उपकरणाच्या धुराच्या तोंडाजवळून घेऊ नका. शेजारच्या खोलीतून हवा आणायची असेल तर त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत झरोका हवा आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीतही तेवढाच. दाराखालची फट यात धरू नका. एक जाड गालिचा आला की ती गेली.

५. पंख्यांशी होणारी स्पर्धा मिटवा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. चांगल्या धुराड्याची ओढ १२ पास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम साडेआठ हजारावा भाग. इतक्या नाजूक ओढीवर सगळा खेळ चालतो. त्याच घरात ओट्यावरची इलेक्ट्रिक चिमणी तासाला ४०० ते ६०० घनमीटर हवा बाहेर फेकू शकते. स्टोव्हच्या गरजेच्या वीस ते तीसपट! स्टोव्हसाठी ठेवलेला झरोका या पंख्याची भूक भागवू शकत नाही. मग पंखा सर्वांत सोप्या वाटेने हवा ओढतो, आणि ती वाट बऱ्याचदा धुराडंच असते.

जर्मनीत खोलीची हवा घेणाऱ्या स्टोव्हसाठी खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा ४ पास्कलहून जास्त खाली जाऊ नये अशी मर्यादा पाळतात, आणि त्यासाठी दाबावर लक्ष ठेवणारं एक उपकरण बसवतात. मर्यादा ओलांडली की ते पंख्याची वीज तोडते. मला हा उपाय मनापासून पटतो, कारण तो माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही.

तुमच्यापुढचे पर्याय पसंतीच्या क्रमाने असे: स्टोव्हच्या खोलीत आणि तिला खुल्या जोडलेल्या स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा ठेवूच नका, त्याऐवजी हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी वापरा. ते जमत नसेल तर पंख्याला खिडकीचा स्विच लावा, म्हणजे खिडकी उघडल्याशिवाय पंखा चालूच होणार नाही. किंवा वर सांगितलेलं दाबाचं उपकरण बसवा. ‘स्टोव्ह चालू असताना पंखा लावू नये’ अशी चिठ्ठी भिंतीवर चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. पाहुणे येतात, मुलं मोठी होतात, चिठ्ठी पडते.

६. धुराड्याची ओढ

धुराडं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण ओढ नसेल तर झरोकाही निरुपयोगी ठरतो, म्हणून मोजकं सांगतो. स्टोव्हच्या माथ्यापासून उंची किमान ४.५ मीटर असावी. वळणं कमीत कमी ठेवा, आणि ती उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त नकोत. छपरावरच्या उंचीसाठी अमेरिकेतला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: छप्पर जिथे भेदलं तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर. भिंतीच्या बाहेरून नेलेलं धुराडं थंड राहतं आणि पेटवताना त्रास देतं. घराच्या आतून नेता आलं तर तेच करा, नाहीतर दुहेरी भिंतीचा इन्सुलेटेड पाइप वापरा.

७. अलार्म लावा

अलार्म स्टोव्ह असलेल्या खोलीतच हवा, स्टोव्हपासून आडव्या अंतरात १ ते ३ मीटरवर. छतावर लावला तर भिंतीपासून किमान ३०० मिमी दूर. भिंतीवर लावला तर दारा-खिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छतापासून किमान १५० मिमी खाली. झरोक्याच्या झोतात किंवा पडद्यामागे नको. झोपायच्या खोल्या लांब असतील तर तिथे दुसरा लावा. युरोपीय मानकाचे अलार्म १०० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १०० भाग) १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजतात. अलार्म हा झरोक्याला पर्याय नाही. तो फक्त आधीच्या टप्प्यांत काही चुकलं तर जागं करतो.

८. रोजच्या वापराआधीची चाचणी

वारा नसलेला दिवस निवडा. शांत हवेत धुराड्याला वाऱ्याची मदत मिळत नाही, म्हणून खरी परीक्षा तेव्हाच होते.

सगळी बाहेरची दारं-खिडक्या बंद करा. झरोका उघडा राहील. आधी स्टोव्ह थंड असताना त्याच्या उघड्या दाराजवळ उदबत्ती धरा. धूर आत खेचला जातो का बघा. खोलीत येत असेल तर धुराड्यात थंड हवेचा गठ्ठा बसला आहे. कागदाचा एखादा बोळा वरच्या बाजूला जाळून तो हलतो का ते पाहा.

मग थोडं वाळलेलं लाकूड पेटवून धुराडं चांगलं गरम होऊ द्या. आता घरातले सगळे एक्झॉस्ट पूर्ण वेगावर लावा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळे एकाच वेळी. पाच-दहा मिनिटं थांबा आणि स्टोव्हच्या दाराच्या कडांभोवती उदबत्ती फिरवा. दार हळूच थोडं उघडून पुन्हा बघा. धूर सातत्याने आतच जायला हवा. आतली दारं एकदा उघडी आणि एकदा बंद ठेवून हेच करा, कारण दारं बदलली की दाबाचं गणित बदलतं. धूर एकदाही बाहेर रेंगाळला तर स्टोव्ह वापरात आणायचा नाही. पाचव्या टप्प्याकडे परत जायचं.

हीच चाचणी अधिकृत कारागिराकडून तुमच्यासमोर करून घ्या आणि निकाल प्रमाणपत्रावर लिहून मागा. स्टोव्हची क्षमता, झरोक्याचं मोकळं क्षेत्रफळ आणि चाचणीची तारीख लिहिलेली एक छोटी पाटी स्टोव्हजवळ लावून ठेवा. पुढे घर दुसऱ्याच्या हाती गेलं तरी त्या माणसाला झरोका कशासाठी आहे हे कळेल.

९. वापरताना

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलं लाकूड धुराडं थंड ठेवतं, ओढ मारतं आणि आत डांबरासारखा क्रिओसोटचा थर बसवतं. तो पेटला की धुराड्यातलं तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. रात्रभर धुमसत ठेवण्यासाठी हवेची झडप पूर्ण बंद करू नका. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवा, कारण राखेत लपलेले निखारे तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात.

काच पूर्वीपेक्षा लवकर काळी व्हायला लागली, ज्वाळा लालसर आणि सुस्त दिसू लागल्या, दार उघडताच धूर बाहेर यायला लागला, किंवा खिडकी उघडल्याबरोबर आग एकदम जोर धरते असं दिसलं, तर हवा कमी पडते आहे. शेवटची खूण सर्वांत खात्रीची. झरोका तपासा, आणि तो मोकळा असेल तर कारागिराला बोलवा.

अलार्म वाजला तर आग विझवत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाताजाता वाटेतली दारं-खिडक्या उघडा, बाहेरून आपत्कालीन सेवेला फोन करा. कुणाला डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर अशा वेळी ऑक्सिजन ठीक असल्याचं खोटं दाखवू शकतं.

वर्षातून किमान एकदा, हंगाम सुरू व्हायच्या आधी, धुराडं झाडून घ्या. रोजचा वापर असेल तर हंगामाच्या मध्येही एकदा. त्याच दिवशी झरोक्याच्या दोन्ही बाजू ब्रशने साफ करा, बाहेरच्या तोंडावर वेल किंवा पानं आलीत का बघा, आणि अलार्मचं बटण दाबून तपासा. अलार्मच्या मागे बदलायची तारीख छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर अलार्म वाजत असला तरी बदला. बटण दाबल्यावर फक्त भोंगा आणि बॅटरी तपासली जाते, आतला सेन्सर नाही.